तिला वेळ लागतो

मनालीजवळच्या सोलांगच्या उतारावर मी पडले होते आणि मला उठता येत नव्हतं. पडले म्हणजे काही आपटले नव्हते, हळूच बसले होते. पण दोन्ही पायांना स्कीच्या हनुवटीएवढ्या लांब पट्ट्या अडकवलेल्या असल्या की बसणं आणि पडणं यात फरक उरत नाही. हातमोज्यांत पाणी शिरलं होतं, टोपी डोळ्यांवर आली होती, आणि शेजारून कुणाचं तरी सात-आठ वर्षांचं पोर गाणं म्हणत सुळकन खाली गेलं. प्रशिक्षक वरून दोन वळणं घेत आला, माझ्या पुढ्यात आडवा थांबला, आणि तो तोंड उघडणार एवढ्यात माझ्या मागून थोरलीचा आवाज आला. "भैया, मम्मी को टाइम लगता है. डाँटना मत." तो हसला. "अरे, नहीं डाँटूँगा दीदी," म्हणाला आणि त्याने मला हात दिला. मी उठले, अंगावरचा बर्फ झटकला, आणि चारचौघांत पोरं आपल्याबद्दल काही बोलली की आपण हसतो तसं हसले.

त्याला आता बरेच दिवस झाले. बागेतल्या आंब्याच्या पहिल्या पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या, शिमग्याची पालखी घरी येऊन गेली. तरी ते वाक्य मधूनच, तांदूळ वैरताना नाहीतर कपडे वाळत घालताना, आठवतं आणि हात थांबतो.

कारण वाक्य माझं होतं. तिने फक्त माणूस बदललं होतं.

आम्ही रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावस ओलांडून गावखडीच्या बाजूला राहतो. मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्यांचे दोन गट पडतात हे मला माहीत आहे आणि दोन्ही गटांना द्यायची उत्तरं मला आता तोंडपाठ झाली आहेत, म्हणून ती इथे देत नाही. बर्फाचं खूळ धाकट्याचं. त्याची बर्फाशी ओळख मिरकरवाडा बंदरावरची. लाद्या फोडून, चुरा करून ट्रॉलरच्या खणात भरतात तो बर्फ. मासळीच्या क्रेटांमधून गुलाबी पाणी होऊन गळतो तो बर्फ. त्याला सुरमईचा आणि डिझेलचा वास येतो. तोच बर्फ आभाळातून पडतो, माणसं त्यावर घसरायला जातात आणि वर त्याचे पैसे मोजतात, हे आधी त्याला पटेना. पटल्यावर त्याने पिच्छा सोडला नाही. त्यात ओळखीतल्या पुण्याच्या एका कुटुंबाने, त्यांचीही मुलं घरीच शिकतात, फेब्रुवारीत मुलांना मनालीला स्की शिकायला न्यायचं ठरवलं आणि आम्हाला विचारलं. नवरा येणं शक्य नव्हतं. फेब्रुवारीत कलमं सोडून फिरायला गेलेला बागायतदार मी अजून पाहिलेला नाही: कैरी सुपारीएवढी झालेली, फवारणी राहिलेली, आणि वानरांची टोळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, टपून बसलेली. तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या, मला फोटो पाठवा." सासूबाईंनी विचारलं, "बर्फात जाऊन शिकायचं ते काय?" मी म्हटलं, घसरायला. "ते मी पावसात मागल्या दारी फुकट शिकवलं असतं की," त्या म्हणाल्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेस पकडली की थोड्याच वेळात करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. आमची मुलं तो श्वास रोखून पार करायचा प्रयत्न दर वेळी करतात आणि दर वेळी मध्येच हरतात. पुढे मनालीला गेल्यावर एक दिवस अटल बोगद्यातून पलीकडे जाऊन आलो, तर धाकट्याने आधीच माहिती काढून ठेवलेली: 9.02 किलोमीटर, 2020 साली सुरू झाला, करबुड्याहून मोठा. ही गोष्ट त्याला जरा लागली होती. कोकण रेल्वेच्या बोगद्यांबद्दल आमच्याकडे लहान-मोठ्या सगळ्यांनाच एक घरगुती अभिमान असतो. मनालीत पहिल्या सकाळी मात्र त्याचं लक्ष भलतीकडेच गेलं. मी केसांना लावायला म्हणून खोबरेल तेलाची बाटली काढली, तर तेल दगड झालेलं, पांढरं शुभ्र. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत, म्हणजे आम्ही ज्याला कडाका म्हणतो त्या थंडीत, ते कडेकडेने जरा गढूळ होतं इतकंच. त्याने बाटली उलटी केली, हलवली, कानाशी धरली. खिडकीबाहेर अख्खा डोंगर पांढरा होता आणि हा बाटलीतलं तेल बघत बसला होता. मग खाली उतरल्यावर मूठभर बर्फ उचलून त्याने नाकाशी नेला. "आई, याला वासच नाहीये." आवाजात थोडी फसगत झाल्याचा सूर होता.

मनालीहून सोलांगकडे जाताना रस्त्याला ओळीने दुकानं आहेत, नंबर घातलेली, तिथे बर्फात घालायचे ढगळे रंगीत पोशाख आणि गमबूट भाड्याने मिळतात. ड्रायव्हर आपल्याला ठरलेल्या नंबरापाशीच थांबवतो. तो पोशाख आपल्या आधी किती जणांनी घातला असेल याचा विचार करायचा नाही, वास तो करायला लावतो. सोलांगच्या पायथ्याशी मॅगीच्या टपऱ्या, फोटोसाठी सजवलेले याक, रबरी ट्यूबवर बसून किंचाळत खाली येणारी नवविवाहित जोडपी, आणि या सगळ्याच्या वरच्या अंगाला, थोडी शांतता सुरू होते तिथे, मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेची मुलं ओळीत तिरकी चढत होती. आमचा वर्ग या दोन्हींच्या मध्ये, जेमतेम उतार असलेल्या एका पट्ट्यावर. प्रशिक्षक तिथल्याच खोऱ्यातला, विशी-पंचविशीचा, तोंडावर उन्हाने करपलेली त्वचा आणि गॉगलच्या जागी दोन गोरी वर्तुळं. त्याने मुलांना पहिला प्रश्न विचारला तो सगळं जग विचारतं तोच. "कौन सी क्लास में हो?" पुण्याची मुलं वयाला अनुसरून काहीतरी इयत्ता ठोकून देतात. माझा धाकटा म्हणाला, "घर में पढ़ते हैं." "मतलब छुट्टी है?" धाकट्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "हाँ." प्रशिक्षकालाही ते उत्तर मुळीच विचित्र वाटलं नाही. त्यांच्याकडे शाळेला हिवाळ्यात सुट्टी असते; बर्फ पडला की शाळा बंद. तोही लहानपणी अशाच सुट्टीत शिकला, मोठ्या भावाच्या जुन्या स्कीवर. आमच्याकडे शाळा सुरू होते ती नेमकी पाऊस सुरू होतो तेव्हा, वहाळ भरून वाहत असताना. पंचांग आमचंही आहे, पण शाळेने ते कधी विचारलेलं नाही.

स्कीचे बूट घालणं हेच एक कसब आहे. कडक प्लास्टिकचे, नडगीच्या अर्ध्यापर्यंत, समोर चार चाप. पाय चिऱ्यात चिणून घेतल्यासारखा वाटतो आणि घोटा म्हणून आपल्याला काही अवयव होता हे विसरायला होतं. मग बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडायचा, आधी चवडा पट्टीच्या खोबणीत बसवायचा, मग टाच दाबायची की खट्ट आवाज येतो. तो आवाज आला की तुम्ही गेलात. सपाट जमिनीवर उभी होते, आणि मी मागे मागे जायला लागले. सपाट दिसणारी जमीन सपाट नसते ही माहिती पायांना इतक्या तातडीने कधी मिळाली नव्हती. खरं तर मी शिकणारच नव्हते. पुण्याची मंडळी आणि मी, आम्ही टपरीवर चहा पीत लांबून बघणार होतो. पण प्रशिक्षकाकडे मोठ्यांची एक जोडी जास्तीची होती, तो म्हणाला, "मैडम, आप भी," आणि धाकट्याने टाळ्या वाजवल्या. अशी मी माझ्याच मुलांच्या वर्गात बसले. सगळ्यात मोठी, सगळ्यात ढ.

तिथे पहिला धडा पडायचा. कडेला पडायचं, मागे नाही. पडताना काठ्या सोडायच्या नाहीत पण अंगाखालीही घ्यायच्या नाहीत. दुसरा धडा उठायचा, आणि तिथेच माझी गाडी अडली. उठण्याआधी दोन्ही स्की उताराला आडव्या आणाव्या लागतात, नाहीतर उठता उठता त्या तुम्हाला घेऊन निघून जातात. उतार नेमका कुठल्या दिशेला आहे हे दाखवायला प्रशिक्षकाने बर्फाचा एक गोळा केला आणि सोडला. तो घरंगळत गेला ती रेघ. "ये फॉल लाइन." धाकटा लगेच म्हणाला, "म्हणजे पऱ्या." पावसात सड्यावरचं पाणी जिथून धावत खाली येतं तो पऱ्या त्याला पाठ आहे, आमच्या गडग्याचा दगड दरवर्षी तोच वाहून नेतो. मग काय, पऱ्याला आडवं पडायचं, पऱ्याला आडवं उठायचं, असा मराठी धडा सुरू झाला आणि पुण्याची मुलंही पऱ्या पऱ्या करायला लागली. चढायचंही आडवंच: खेकड्यागत एक पाय, मग दुसरा, पट्टीची वरच्या बाजूची कड बर्फात रुतवत. हे करत असताना मला एकदम सासूबाई आठवल्या. मी घाटावरची, सांगलीकडची. लग्न होऊन आले त्या पहिल्या पावसाळ्यात घरापासून विहिरीपर्यंतची जांभ्याची पाखाडी हिरव्या शेवाळाने माखली आणि मी दोनदा सपाटून पडले. तेव्हा त्यांनी मला हाताला धरून शिकवलं होतं: सरळ उतरू नको, पाऊल आडवं टाक, गुडघा वाकव, वजन पुढे ठेव, मागे रेललीस की गेलीस. तोच धडा इथे अडीच हजार मीटर उंचीवर एक पोरगा मला हिंदीत देत होता. "घुटना मोड़ो. पीछे मत झुको." मागल्या दारी फुकट मिळाला असता तो हाच.

पण माहीत असणं आणि अंगाने करणं यात घोडं पेंड खातं. भीती वाटली की शरीर आपोआप मागे रेलतं, आणि स्कीवर मागे रेललं की पट्ट्यांची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, थांबत नाहीत, वेग वाढतो. वेग वाढला की भीती वाढते. म्हणजे वाचायचं असेल तर ज्या उताराची भीती वाटते त्याच्यावरच ओणवं व्हायचं. मला ते तर्काने लगेच पटलं. माझ्या पाठीच्या कण्याला अजून पटलेलं नाही.

धाकट्याला पटवायची गरजच पडली नाही. लहान मुलांना शिकवायची जगभरची एक युक्ती आहे: स्कीची टोकं जवळ आणि मागचा भाग फाकवला की तो पिझ्झ्याचा तुकडा, म्हणजे थांबा, दोन्ही समांतर केल्या की फ्रेंच फ्राइज, म्हणजे पळा. माझ्या मुलाने पिझ्झा रत्नागिरीत एका वाढदिवसाला खाल्ला होता आणि त्याला तो आवडला नव्हता. त्यामुळे असेल, तो फ्राइजच करत राहिला. सरळ पऱ्याने खाली, ट्यूबवाल्यांच्या दोरीत, तिथे धाडकन, आणि उठून परत वर. दर फेरीला प्रशिक्षकाला एक प्रश्न. पट्टीला खालून मेण का लावतात, काठीला खाली चक्र कशाला, याक थंडीत कुठे झोपतो. शेवटी तो म्हणाला, "पहले करो, फिर पूछो." आमच्या घरात नियम बरोबर उलटा आहे, आधी विचार, मग कर, आणि मला वाटलं हा आता खट्टू होईल. तो म्हणाला, "ठीक है," आणि गेला.

थोरली मात्र हललीच नाही. पहिल्या सकाळी सगळा वेळ ती पट्ट्याच्या कडेला, स्की पायात, काठ्या हातात, नुसती उभी. बघत होती. पुण्याच्या मुली दोन-तीनदा घसरून आल्या, तिला हाका मारून गेल्या. प्रशिक्षकाने आधी गोड बोलून पाहिलं, मग जरा आवाज चढवला, त्याचंही बरोबर होतं, त्याचा वेळ जात होता. आणि तेव्हा मी, माझ्या पायांवर धड उभी नसलेली मी, तिथून ओरडले, "भैया, इसको टाइम लगता है. डाँटना मत."

हे वाक्य मी तिच्यासाठी इतकी वर्षं वापरलं आहे की ते माझ्या तोंडून निघतं तेव्हा मला ऐकू येत नाही. ती उशिरा वाचायला लागली. आठ वर्षांची झाली तरी अक्षरं तिला लागत नव्हती. गोष्टी सांगायची, पाढे म्हणायची, कासवाची पिल्लं समुद्राकडे निघाली की कुठलं पिल्लू भरकटणार ते आधी ओळखायची, पण पुस्तक समोर धरलं की नजर पानावरून घसरून जायची. त्या काळात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एक गुरुजी घरी आले. सज्जन माणूस. उन्हातून आलेले, पन्हं घेतलं, फॉर्म काढला, थोरलीला जवळ बोलावून तिच्यापुढे पाठ्यपुस्तक धरलं. ती गप्प. मी म्हटलं, "तिला वेळ लागतो, गुरुजी. घाई केली की बिघडते." गुरुजींनी मान डोलावली, पुस्तक मिटलं, आणि जाताना मला एकटीला म्हणाले, "ताई, आमच्या शाळेत यंदा पटावर मुलंच किती आहेत. दोन आली असती तर शाळेला बरं झालं असतं." त्यांच्या त्या बोलण्याचं मला अजून ओझं वाटतं. आपण मुलांना शाळेत घालत नाही तेव्हा एक शाळा तेवढी आणखी रिकामी होते, आणि आमच्यासारख्या मुंबईला रिकाम्या झालेल्या गावात ती आकड्यांची गोष्ट नसते, संध्याकाळी मैदानात किती पोरं दिसतात याची असते. घरी शिकवण्याबद्दल लिहिणारे ही बाजू फार लवकर ओलांडतात, मीही ओलांडत आले आहे.

मग ती कधी वाचायला लागली? एका दुपारी कॅलेंडरच्या मागच्या बाजूची फणसाच्या सांदणांची कृती तिने मोठ्यांदा वाचून दाखवली, मध्ये न अडखळता, आणि वर म्हणाली की आजी यात हळद घालते, यांनी लिहिलेली नाही. बस्स. माझं वाक्य खरं ठरलं होतं. खरं ठरलेलं वाक्य माणूस मग सोडत नाही. मी ते आत्यांना सांगितलं, शेजाऱ्यांना, दंतवैद्याला, पोहण्याच्या शिबिरात, चित्रकलेच्या बाईंना. दर वेळी ती शेजारी उभी असायची.

सोलांगला बर्फात बसलेली असताना पहिल्यांदा ते वाक्य माझ्यावर आलं. मला बरं वाटलं, हे आधी सांगते. कुणीतरी माझ्यासाठी मध्ये पडलं, आणि तेही माझ्या पोरीने. अंग सैल झालं, प्रशिक्षकाचा चेहरा निवळला, मला उठायला पाहिजे तेवढा वेळ मिळाला. आणि त्याच क्षणी आणखीही काही झालं. आजूबाजूच्या सगळ्यांना आता माझ्याबद्दल एक गोष्ट ठाऊक होती. पुण्याच्या मुली माझ्याकडे जरा जास्तच मायेने बघायला लागल्या. प्रशिक्षक माझ्याशी सावकाश, एकेक शब्द सोडून बोलू लागला. "मैडम... लेफ्ट... पैर... दबाओ." मला डावा पाय कळत होता. मला उतार कळत होता. मला फक्त भीती वाटत होती आणि थोडा राग आला होता, आणि तो राग कुणावर काढायचा तेच कळेना, कारण सगळेच चांगलं वागत होते.

त्या रात्री खोलीत हीटरभोवती बसलो होतो, राजमा-चावल खाऊन. मुलांच्या वह्या निघाल्या होत्या. थोरली विचारत होती की बर्फ घसरडा का. पुस्तकात उत्तर असतं ते मी दिलं: दाबाने बर्फ वितळतो. तिने थोडा विचार करून सांगितलं की मग स्कीवर कमी घसरायला हवं, कारण पट्टी लांब आहे, वजन पसरतं. साध्या बुटात दाब जास्त. बरोबर होतं तिचं. माणसाच्या वजनाचा दाब त्याला पुरत नाहीच. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्यांइतके घट्ट बांधलेले नसतात, आणि पट्टी घासली की त्या उष्णतेने पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो, त्यावरून आपण जातो. हे आम्ही फोनवर शोधून, वाचून, एकमेकींना समजावत शिकलो. ती सकाळभर उभी राहून काय बघत होती तेही तेव्हा बाहेर आलं. "डाव्या पायावर भार दिला की उजवीकडे वळतात," ती म्हणाली. "सुकाणूचं तसंच आहे ना. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते." गावातल्या एका खारवी काकांच्या होडीत ती पुष्कळदा बसली आहे, सुकाणू हातात मिळालं नसेल, पण बघितलंय. मग मी विचारलं. भांडीकुंडी आवरताना, सहज विचारल्यासारखं.

"तू आज भैयाला तसं का म्हणालीस?"

"कसं?"

"मम्मी को टाइम लगता है."

"लागतो ना पण." मग थोडं थांबून, "तू म्हणतेस की माझ्यासाठी."

"मी म्हणते तेव्हा तुला कसं वाटतं?"

तिने ताटली पुसून ठेवली. "कधी बरं वाटतं. कुणी ओरडत नाही मग." आणखी एक ताटली. "पण लोक हळू बोलायला लागतात. तेव्हा कंटाळा येतो."

एवढंच. धाकट्याने मध्येच याक झोपतात कुठे ते सापडल्याचं जाहीर केलं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली. मी त्याचं वर्णन करत बसत नाही, कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं: सावकाश, मोठी वळणं, मध्ये एकदा थांबून उतार बघणं, पुन्हा वळण, तळाशी व्यवस्थित पिझ्झा. प्रशिक्षक म्हणाला, "ये देख-देख के सीखती है." मी त्याच्याकडे बघत राहिले. जे मला इतक्या वर्षांत वेळेच्या भाषेतच सांगता आलं होतं ते त्याने नजरेच्या भाषेत सांगितलं होतं, आणि त्याला ते कळायला एक सकाळ लागली. मला मत्सर वाटला. परक्या माणसाला आपलं पोर चटकन दिसतं, कारण त्याला ते कुणासमोर सांभाळायचं नसतं. घरी शिकवणारी आई एका हाताने शिकवते आणि दुसऱ्या हाताने सगळ्या जगाला "थांबा, थांबा" करत असते. तो दुसरा हात खाली घ्यायचा कधी, याचं कुठे प्रशिक्षण मिळत नाही. मी पण मुलीकडून ऐकल्यावर लगेच शहाणी झाले असं नाही, परतीच्या बसमध्येच शेजारच्या बाईंना मी "हिला जरा..." म्हणून सुरुवात केली होती, आणि वाक्य बदलून "हिला जरा खिडकी हवी होती" असं पूर्ण केलं.

सोलांगला जाताना वाटेत बुरुआ गाव लागतं. तिथली आँचल ठाकूर 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक जिंकली, स्कीमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. थोरलीने गाडीतून त्या गावाकडे मान वळवून वळवून बघितलं. धाकट्याला मात्र आवडला शिव केशवन, मनालीजवळच्याच वशिष्ठचा, जो 1998 मध्ये सोळाव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये ल्यूज, म्हणजे बर्फावरची घसरगाडीची शर्यत, खेळला आणि पुढे 2018 पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिक खेळून आला. सरावाला धड ट्रॅक नव्हता तेव्हा तो घसरगाडीला चाकं लावून डोंगरातल्या रस्त्यावरून, ट्रकांमधून खाली यायचा. हे ऐकलं आणि धाकट्याच्या चेहऱ्यावर एक बेत उमटला. मी तो पाहिला होता, पण गाडी चुकेल या घाईत होते.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सासूबाईंनी हाक मारली, "बागेतल्या विऱ्या कोणी नेल्या गो सगळ्या?" पोफळीचं झाप गळून पडतं त्याची रुंद, चिवट विरी आम्ही पत्रावळ-द्रोणांना ठेवतो. कोकणातल्या प्रत्येक पोराने एकाने विरीत बसायचं आणि दुसऱ्याने झाप धरून अंगणभर ओढायचं हा खेळ खेळलेला असतो. यांनी मात्र त्या सड्याच्या घसाऱ्यावर नेल्या होत्या, जिथे माघ-फाल्गुनात गवत वाळून पिवळं आणि गुळगुळीत झालेलं असतं. वाडीतली शाळेत जाणारी पोरं शाळा सुटल्यावर थेट तिकडे. थोरली वर उभी राहून एकेकाला सोडत होती, धाकटा खाली उभा राहून "पऱ्याला आडवा पड रे!" म्हणून ओरडत होता. खरचटणं भरपूर, बर्फ काही म्हणा, जांभ्यापेक्षा दयाळू असतो. मी संध्याकाळी हळद आणि खोबरेल घेऊन बसले, खोबरेल एव्हाना पुन्हा पातळ झालेलं. एका पोराची आई तावातावाने आली, मुलाच्या चड्डीचं मागे काय झालंय ते दाखवायला, आणि तिचं बरोबरच होतं. पण जाताना ती थोरलीला म्हणाली, "उद्या आमच्या चिंगीला पण बसव, पण हळू हां, तिला..." आणि मी कान टवकारले. "तिला मागून धक्का लागतो," ती म्हणाली.

सुट्टीचा पुढचा बेत थोरलीने ठरवला आहे आणि त्यात मला विचारलेलं नाही. खारवी काकांकडे पोहायला शिकायचं, खाडीत, भरती भरून पाणी थांबतं त्या वेळेला. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहून मला पोहता येत नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्याचं काही मनावर घेतलेलं नाही, कारण इथल्या जुन्या बायकांपैकीही कितीजणी पोहतात? पण ती काकांच्या पडवीत जाऊन बोलणी करून आली, आणि काल ते स्वतःच भरतीची वेळ सांगायला आले. आमच्याकडे अजून पोहायला शिकवताना कमरेला सुके असोले नारळ बांधतात, ते तरंगतात. काकांनी मुलांकडे बघून दोन-दोन सांगितले. मग माझ्याकडे बघितलं, नीट, होडीत माल भरायच्या आधी बघतात तसं नव्हे पण जवळपास तसंच.

"चार आणा," ते म्हणाले. "आणि चांगले खुळखुळणारे बघून आणा. ओले आणलेत तर मला दोघींना काढायला लागेल, तुम्हाला आणि नारळांना."

"तीन पुरतील," थोरली म्हणाली.

"चार," मी म्हटलं.